रेस वर-खाली होतेय, म्हणून इंजिन म्हातारं झालं असं कोण म्हणालं?

पत्र थोडक्यात: घरासमोरचा ड्राइव्हवे साफ करायला या वाचकांकडे एक जुना स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारं मशीन) आहे, शेजाऱ्यांनी घर बदलताना देऊन टाकलेला. नवरा कामानिमित्त बरेच दिवस बाहेर असतो, त्यामुळे बर्फ पडला की मशीन बाहेर काढायचं काम यांचंच. या सीझनला सुरू केल्यापासून इंजिनची रेस आपोआप वर-खाली होते, घूंऽऽ घूंऽऽ असं सतत. चोक अर्धा ओढून ठेवला की आवाज सरळ होतो. मशीन बर्फात घुसवलं की तेव्हाही बऱ्यापैकी सरळ चालतं. नवऱ्याचं म्हणणं, इंजिनचं वय झालं, विकून टाकू. दीर म्हणतात गव्हर्नर गेलाय, स्प्रिंग ताणून बसवली की काम होईल. कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) क्लीनरचा स्प्रे मारून झालाय, टाकीत नवीन पेट्रोलही भरलंय, म्हणजे तिकडे प्रॉब्लेम नसणार असं त्या धरून चालल्यात. दुकानात सीझनची गर्दी आहे, मशीन कधी हातात घेतील ते सांगत नाहीत. आता विचारतायत की अर्ध्या चोकवरच हा सीझन काढू, की विकू, की स्वतः उघडून बघू? "पण मला मशीनमधलं काही कळत नाही."

नमस्कार,

तुमचं शेवटचं वाक्य आधी बाजूला ठेवू, कारण ते खरं नाहीये. ज्यांना मशीनमधलं कळतं असं तुमच्या घरात समजलं जातं त्या दोघांनी निकाल दिलाय, आणि ज्यांना कळत नाही त्या तुम्ही लक्षणं लिहिलीयत. चोक अर्धा केला की सरळ होतं आणि लोड आला की सरळ होतं, या दोन गोष्टी तुम्ही स्वतः बघून ठेवल्यात, आणि खरं सांगते, नव्वद टक्के निदान त्यातच झालंय. मेकॅनिककडे गेलात तर तोसुद्धा पहिल्यांदा हेच दोन प्रश्न विचारेल, म्हणजे चांगला असेल तर विचारेल.

आधी ही रेस वर-खाली होते म्हणजे आत काय चाललेलं असतं ते बघू, कारण ते कळलं की घरातल्या निम्म्या सूचना आपोआप गळून पडतात. तुमच्या इंजिनवर गव्हर्नर नावाचा एक भाग असतो, त्याचं काम एकच, इंजिनचा स्पीड ठरलेल्या जागी धरून ठेवणं. स्प्रिंग थ्रॉटल, म्हणजे इंजिनमध्ये किती मिश्रण जायचं ते ठरवणारी झडप, उघडायला बघते आणि आत फिरणारी वजनं स्पीड वाढला की थ्रॉटल बंद करायला बघतात. आता समजा कार्बोरेटरमधून पेट्रोल जेवढं हवं त्यापेक्षा कमी येतंय. स्पीड पडतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, थ्रॉटल उघडल्यावर दुसऱ्या वाटेने थोडं जास्त पेट्रोल ओढलं जातं, इंजिन एकदम वर जातं, मग गव्हर्नर म्हणतो अरे जास्त झालं आणि बंद करतो, की परत पेट्रोल कमी, परत स्पीड खाली. आंघोळीला गरम-गार नळ जुळवताना पाणी बदलायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात परत फिरवतो, मग एकदा चटका एकदा गारठा, तसलाच प्रकार. म्हणजे गव्हर्नर त्याचं काम इमानदारीत करतोय आणि त्याच्या हातात नीट पेट्रोल येत नाहीये. मेकॅनिक लोक याला हंटिंग म्हणतात.

म्हणून दिरांना प्रेमाने सांगा की स्प्रिंगला हात लावायचा नाही. हे मी जरा जोर देऊन सांगते कारण यात खरा धोका आहे. अशी बरीच छोटी इंजिनं लोड नसताना साधारण ३६०० आरपीएमच्या आसपास राहतील अशी सेट केलेली असतात. स्प्रिंग ताणली किंवा दुसऱ्या भोकात अडकवली की ही मर्यादाच सरकते, इंजिन प्रमाणाबाहेर पळतं आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) तुटून केसिंगमधून बाहेर येईपर्यंत मजल जाऊ शकते. आणि एवढं करून हंटिंग जाईलच असंही नाही, कारण पेट्रोल कमी ते कमीच. गव्हर्नरच्या बाबतीत एवढंच तपासा की इंजिन बंद असताना थ्रॉटलची कडी हाताने हलवली तर अडकत नाही ना, गंजलेली नाही ना, स्प्रिंग तुटलेली किंवा निसटलेली नाही ना. ते ठीक असेल तर गव्हर्नर विसरा.

आता तुमच्या दोन लक्षणांकडे येऊ. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप, ती अर्धी बंद केली की हवा कमी जाते, आतला ओढा वाढतो आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकातून, पेट्रोल जास्त खेचलं जातं. चोकने सरळ होतंय म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, आणि ही छोटी इंजिनं तर त्याहून थोडं जास्त पेट्रोल मिळालं की खूश असतात. मात्र चोकच्या टेस्टवरून पेट्रोल कमी येतंय की कुठून तरी जास्तीची हवा आत घुसतेय हे कळत नाही, ते पुढे बघू.

दुसरं लक्षण मला जास्त आवडलं. लोड नसताना हंटिंग आणि बर्फात घुसवलं की सरळ. स्नोब्लोअर आपण लिव्हर सशाच्या, म्हणजे फुल स्पीडच्या, चित्रावर ठेवून चालवतो ना, त्यामुळे वाटतं की इंजिन फुल थ्रॉटलवर आहे. पण लोड नसेल तर गव्हर्नर थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटवूनच ठेवतो. अशा वेळी पेट्रोल मुख्यतः पायलट जेटमधून येतं, त्याला कोणी आयडल जेट किंवा स्लो जेट म्हणतं. बर्फाचा लोड आला की पाकळी उघडते आणि मेन जेटचा रस्ता सुरू होतो. म्हणजे तुमचा मेन जेट बऱ्यापैकी मोकळा आहे आणि पायलट जेट तुंबलाय, असा माझा अंदाज, आणि तो चुकण्याची शक्यता कमी आहे. या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, त्यात कचरा अडकायला खड्यामातीची गरजच नाही, वाळलेल्या पेट्रोलचा पातळसा थर पुरतो. दुसऱ्या कुणाचं उलटं होत असेल, म्हणजे रिकामं छान चालतं आणि बर्फात घुसवलं की दम तोडतं, त्यांनी मेन जेट आणि टाकीकडून येणारं पेट्रोल आधी बघावं. आणि ज्यांना अर्ध्या चोकने काहीच फरक पडत नाही त्यांनी कार्बोरेटर उघडण्याआधी प्लग आणि गव्हर्नरच्या कड्या बघाव्यात.

आता तुम्ही धरून चाललेल्या गोष्टी. स्प्रे मारला म्हणजे कार्बोरेटर साफ झाला, असं नाही होत हो. तोंडातून मारलेला स्प्रे घशातून सरळ इंजिनमध्ये जातो, थ्रॉटलची पाकळी चकाचक होते एवढंच. जेट बसलेले असतात आतल्या बारीक वाटांमध्ये, त्यांना पेट्रोल खालच्या वाटीतून (कार्बोरेटरखालचं पेट्रोल साठवायचं छोटं भांडं) मिळतं, तिथे हा स्प्रे पोचतच नाही. आणि नवीन पेट्रोल भरलं म्हणता, पण जुनं काढून भरलं की जुन्यावरच ओतलं? पत्रात ते नाहीये, पण बहुतेक लोक ओततात. तसंही वाटीत जे मागच्या सीझनचं राहिलं होतं ते आतापर्यंत उडून त्याचा चिकट पिवळा थर कधीच झालेला असणार, आणि नवीन पेट्रोल तो विरघळवत बसत नाही.

पेट्रोल किती लवकर खराब होतं याचा आपल्याला अंदाज नसतो. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं रसायन, न घालता ठेवलं तर महिनाभरातच त्यातला हलका, पटकन पेट घेणारा भाग उडायला लागतो. बऱ्याच ठिकाणी पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. वाटीचाही तळ, टाकीचाही तळ. मग पितळेवर हिरवट आणि बाकीच्या धातूवर पांढरी पावडर धरते. शिवाय पाण्याचा थेंब इतक्या बारीक भोकातून सहज जात नाही, तोंडाशीच अडून बसतो, आणि थंडीत तर गोठतोही. काही जणांचं मशीन गॅरेजमध्ये छान चालतं आणि बाहेर नेलं की नखरे करतं, त्यामागे हे एक कारण असतं.

दुसरं कारण हवेचं. २० अंशांच्या हवेपेक्षा उणे २० अंशांची हवा साधारण १६ टक्के दाट असते, म्हणजे तेवढ्याच भोकातून ऑक्सिजन जास्त, आणि थंडीत पेट्रोलची वाफही नीट होत नाही. त्यात नवीन इंजिनांचे जेट फिक्स असतात, फिरवायला स्क्रूच नसतो, आणि प्रदूषण कमी व्हावं म्हणून ते कंपनीतूनच जरा लीन बाजूला ठेवलेले असतात. त्यामुळे जेट किंचितसा जरी तुंबला तरी हे इंजिन लगेच बोंब मारतं, जुन्या काळच्या इंजिनांनी ते पचवलं असतं.

तर वय झालं का? वय झालेल्या इंजिनची लक्षणं वेगळी असतात. दोरी ओढताना कॉम्प्रेशन लागत नाही, निळा धूर येतो, तेल पितं, लोडखाली ताकद कमी पडते. तुमचं तर लोडखालीच छान चालतंय. विकायचं असेल तर जरूर विका, जागा नाही, नवीन घ्यायचंय, काहीही कारण चालेल, पण इंजिन गेलं म्हणून विकू नका कारण ते गेलेलं नाही, आणि भंगाराच्या भावात घेणारा घरी जाऊन जेट साफ करून मस्त वापरेल.

अर्ध्या चोकवर सीझन काढायचा का, हा तुमचा खरा प्रश्न. एखादं वादळ येऊन पडलंय, बर्फ काढलाच पाहिजे, तर काढा त्यावर, त्या दिवसापुरतं काही बिघडत नाही. पण सीझनभर नको. पायलटची कमतरता भरायला तुम्ही चोक लावता, आणि लोड आला की मेन जेट तर व्यवस्थित पेट्रोल देतोय, मग तेव्हा ते प्रमाणाबाहेर जातं. काळा धूर, काळा पडलेला प्लग, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली तेलात उतरतं. इंजिन म्हातारं करायचा हा खात्रीचा मार्ग. चोक न लावता तसंच लीन चालवत राहणंही बरं नाही, इंजिन जास्त तापतं.

मग उघडायचं. आणि तुम्हीच उघडा असं माझं मत आहे, पण त्याच्याआधी ज्याला काही उघडावं लागत नाही ते करून घ्या. एक, टाकीचं झाकण. त्याला हवा आत यायला बारीक भोक असतं, ते बंद झालं की टाकीत ओढा तयार होतो आणि पेट्रोल खाली येत नाही. मशीन बंद करून झाकण थोडं सैल करा, परत सुरू करून बघा, हंटिंग गेलं तर सुटलात. पण सुरुवातीला छान आणि काही मिनिटांनी बिघडतं असं असेल तरच झाकणावर संशय जास्त, तुमचं पहिल्यापासूनच आहे. दोन, थंड इंजिनवर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरला येणारी नळी काढा, काचेच्या बरणीत धरा आणि कॉक उघडा. धार लागायला पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर टाकीतली जाळी, नळी किंवा कॉक तुंबलाय. आणि ती बरणी तशीच थोडा वेळ ठेवून द्या, खाली वेगळा थर दिसला, रंग गडद दिसला, वास पेट्रोलऐवजी रंगाच्या डब्यासारखा आला, तर टाकी पूर्ण रिकामी करायची. ते जुनं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या.

उघडताना काळजीच्या गोष्टी मी एकदाच सांगते. चावी काढून ठेवा, प्लगची वायर काढून बाजूला करा, इंजिन पूर्ण गार होऊ दे. बंद गॅरेजमध्ये पेट्रोल काढायचं काम करू नका, विशेषतः तिथे ज्योत असलेला वॉटर हीटर असेल तर अजिबात नाही, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ज्योतीवरही पेट घेते. टेस्ट करायला इंजिन सुरू करायचं ते बाहेरच, दार उघडं ठेवलंय म्हणून आत चालेल असं नाही, कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आणि डोळ्यांना चष्मा लावा, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून बरोबर डोळ्यात येतो.

स्नोब्लोअरचा कार्बोरेटर बहुतेक वेळा एका पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत झाकलेला असतो. तुम्ही म्हणाल एअर फिल्टर कुठेय, तर बऱ्याच स्नोब्लोअरला तो नसतोच, बर्फात धूळ नसते आणि फिल्टर असला तर ओला होऊन गोठेल. ती पेटी मात्र शोभेची नाही, सायलेन्सरकडची गरम हवा कार्बोरेटरला मिळावी म्हणून ती आहे, नाहीतर शून्याच्या आसपासच्या दमट हवेत आत बर्फ धरतो आणि परत हेच हंटिंग सुरू. काही जण पेटी काढतात आणि परत बसवायचा कंटाळा करतात. तसं करू नका.

पेटी काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर मोबाईलवर फोटो काढा, भरपूर काढा. स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, कडी कुठल्या बाजूने गेलीय, पॅकिंग कुठल्या क्रमाने आहेत. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधे सहसा पॅकिंग, मग एक जाड काळा ठोकळा, मग परत पॅकिंग असतं, आणि पॅकिंगची भोकं सारखी नसतात, उलटं बसलं तर आतली वाटच बंद होते. हे साफसफाईपेक्षा महत्त्वाचं आहे असं मी म्हणेन. लोक जेट नीट साफ करतात आणि बसवताना घोटाळा करतात, मग म्हणतात साफ करून काही उपयोग झाला नाही.

खालची वाटी एका बोल्टवर असते, खाली डबा धरून काढा. आता इंजिन कुठल्या जातीचं आहे त्यावर पुढचं ठरतं. जुनं टेकमसे कंपनीचं असेल (त्यांनी २००८ च्या सुमारास इंजिनं बनवणं बंद केलं, पण बर्फात अजून खूप दिसतात) तर बऱ्याच मॉडेलमध्ये वाटीचा तो बोल्ट हाच मेन जेट असतो, आणि त्याच बोल्टला बाजूला एक अगदी बारीक भोक असतं, आयडलचं पेट्रोल त्यातून जातं. लोक मोठं भोक साफ करतात आणि हे बारीक बघतच नाहीत. बोल्ट उजेडात फिरवून बघा. होंडाच्या जीएक्स पद्धतीचं किंवा त्याची नक्कल असलेलं इंजिन असेल तर पायलट जेट वरच्या बाजूला, आयडलच्या स्क्रूखाली दाबून बसवलेला असतो, छोटं प्लॅस्टिकचं डोकं असलेला. स्क्रू किती फेरे आत होता ते लिहून ठेवा, स्क्रू काढा, जेट हलक्या हाताने वर उचला. हा काढता येतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि तुमच्या केसमध्ये सगळं घोडं तिथेच अडलंय असं मला वाटतंय.

जेट दिव्यासमोर धरा. गोल, स्वच्छ ठिपका उजेडाचा दिसला पाहिजे. अंधुक किंवा चंद्रकोरीसारखा दिसला तर सापडला चोर. साफ करायला विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एक तार घ्या, बारीक असते आणि पितळेला चरे पाडत नाही. ड्रिल बिट, टाचणी, सुई यातलं काहीही नको, भोक किंचित मोठं झालं की मिश्रण कायमचं बदललं, आणि नंतर ते लहान करता येत नाही. मेन जेट काढताना पेचकस खाचेत घट्ट बसणाराच घ्या, सैल बसला तर पितळ सोलवटतं. मेन जेटच्या वर एक नळी असते आडव्या बारीक भोकांची, ती पण काढून प्रत्येक भोक बघा. मग कार्बोरेटरच्या अंगातल्या प्रत्येक वाटेत स्प्रेची नळी लावून मारा आणि दुसरीकडून धार बाहेर येतेय का बघा. कुठल्या भोकातून आत गेलं आणि कुठून बाहेर आलं याचा हिशोब लागेपर्यंत सोडू नका. फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी धरणारा तरंगता भाग), त्याची सुई आणि रबरी रिंगा आधी बाजूला काढून ठेवा, कडक क्लीनरमध्ये रबर फुगतं. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल गेल्याचा आवाज येत असेल तर बदला.

जास्तीच्या हवेचा मुद्दा राहिला होता. कार्बोरेटरचे बोल्ट सैल असले किंवा पॅकिंग फाटलेलं असलं तरी लक्षण हेच दिसतं, चोकनेही तसंच सरळ होतं. काही लोक चालू इंजिनवर जोडाच्या कडेने स्प्रे मारून बघतात की रेस बदलते का. मी ते सुचवणार नाही, तिथे शेजारीच तापलेला सायलेन्सर असतो. तुम्ही कार्बोरेटर काढतायच, तर दोन्ही पॅकिंग सरळ नवीन टाका, प्रश्नच मिटतो. थ्रॉटलचा दांडा मात्र हलवून बघा, त्याच्या बुशमध्ये खूप खडखड असेल तर तिथून हवा येते आणि तेव्हा कार्बोरेटर साफ करण्यात अर्थ नाही, बदलायचाच.

बदलण्याबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. पूर्ण नवीन कार्बोरेटर टाकणं हा पळपुटेपणा मुळीच नाही, ज्यांना बारीक काम जमत नाही किंवा ज्यांच्या कार्बोरेटरमध्ये पांढरी पावडर खोलवर धरलीय त्यांनी तेच करावं. पण नकली मिळणाऱ्या कार्बोरेटरचे जेट प्रत्येक वेळी बरोबर मापाचे असतील असं नाही, काही डब्यातून काढल्यापासूनच हंटिंग करतात. घ्यायचा तर इंजिनवर ठोकलेल्या मॉडेल नंबरवरून घ्या, स्नोब्लोअरच्या नावावरून नको, एकाच नावाच्या मशीनवर वेगवेगळी इंजिनं असतात. आणि जुना फेकू नका, त्याचे मूळ जेट नवीन अंगात बसत असतील तर तेच घाला. दुकानात द्यायचंच ठरलं तर "कार्बोरेटर बघा" असं मोघम सांगू नका, तुमची दोन लक्षणं जशी मला लिहिलीत तशीच कागदावर लिहून मशीनला बांधा आणि पायलट जेट काढून साफ करा असं स्पष्ट सांगा.

सगळं बसवल्यावर ताजं पेट्रोल, मशीन बाहेर, पाचेक मिनिटं गरम होऊ दे, चोक अजिबात न लावता, लिव्हर सशावर, लोड नाही. ऐका. मग कासवावर आणून ऐका. तुमच्या कार्बोरेटरला मिश्रणाचा स्क्रू असेल तर तो आधी किती फेरे होता त्याच जागी आणा, आणि थोडं हंटिंग उरलंच तर अष्टमांश फेरा बाहेर, थांबा, परत ऐका, असं करत जा. स्क्रू नसेल आणि रिकामं असताना अगदी किंचित हलतंय पण बर्फात गेल्यावर पूर्ण सरळ, तर माझ्या मते तिथे थांबावं. फिक्स जेटच्या इंजिनांचा तेवढा स्वभाव असतो, त्याच्यामागे लागून परत परत उघडलं तर वाटीच्या बोल्टचे आटे जातील.

सीझन संपल्यावर काय करायचं यावर दोन पक्ष आहेत, टाकी कोरडी करणारे आणि टाकी भरून ठेवणारे. मी कोरडी करणाऱ्यांतली. टाकी रिकामी करायची, कॉक बंद करायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, आणि मग वाटीच्या तळाचा स्क्रू काढून जे उरलंय ते काढायचं, कारण इंजिन बंद पडलं तरी वाटीत तळाला थोडं राहतंच आणि चिकटा तिथूनच सुरू होतो. भरून ठेवायचं असेल तर स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच घाला, शिळं पेट्रोल त्याने ताजं होत नाही, आणि घातल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल असलेलं पेट्रोल या इंजिनांत घालूच नका, बिनइथेनॉलचं मिळत असेल तर उत्तम. आणि पुढच्या हिवाळ्यासाठी उन्हाळ्यात कॅन भरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, उन्हाळ्याचं पेट्रोल मुद्दाम कमी उडणारं केलेलं असतं, थंडीत त्यावर इंजिन सुरू करायला दोरी ओढून ओढून खांदा जातो.

तुमच्याकडे इंजिन कुठल्या जातीचं आहे ते पत्रात नाहीये, वरच्या पत्र्यावर किंवा व्हॉल्व्हच्या झाकणावर नंबर ठोकलेला सापडेल. पॅकिंग मागवायलाही तो लागणारच आहे, तेव्हा आजच फोटो काढून ठेवा, आणि पॅकिंग हातात आल्याशिवाय कार्बोरेटर काढू नका, नाहीतर नेमका मधेच बर्फ पडायचा.